खत्मीचं मूळ, खुब्बाजीचं फूल की लाल अंबाडी: कशासाठी काय निवडावं?

माल्व्हेसी कुळातली झाडं म्हटली की बुळबुळीत रस आठवतो, आणि मग घसा, खोकला, पोट सगळ्यावर यातली कोणतीही चालेल असं वाटू लागतं. तसं नाही. खत्मीच्या (अल्थिया ऑफिसिनॅलिस) मुळात पॉलिसॅकराइडं, म्हणजे लांब साखळ्यांच्या शर्करा, आणि भरपूर स्टार्च असतो, खुब्बाजीच्या (माल्वा सिल्व्हेस्ट्रिस) फुलात पॉलिसॅकराइडं आणि रंगद्रव्यं, लाल अंबाडीच्या (हिबिस्कस सब्दारिफा) फुलातळात, म्हणजे फुलाखालच्या लाल वेष्टनात, मुख्यतः सेंद्रिय आम्लं, तर बला या झाडात अल्कलॉइड, म्हणजे शरीरावर तीव्र परिणाम करणारी नायट्रोजनयुक्त द्रव्यं. कुळ एक असलं तरी घटकांनुसार काम बदलतं आणि तयार करायची रीतही बदलते.

आधी सरळ उत्तर. कोरडा, खवखवणारा खोकला असेल आणि अर्धा तास थांबता येत असेल तर खत्मीचं मूळ. लगेच काहीतरी गरम प्यायचं असेल किंवा गुळण्या करायच्या असतील तर खुब्बाजीचं फूल. रक्तदाब किंचित वाढलेला असेल आणि आहाराला जोड हवी असेल तर लाल अंबाडी. दुखऱ्या घशासाठी मात्र अंबाडी नको.

बुळबुळीत द्रव्य करतं काय?

या बुळबुळीत द्रव्याला म्युसिलेज म्हणतात. म्युसिलेज म्हणजे रॅम्नोगॅलॅक्टुरोनन, अरॅबिनोगॅलॅक्टन अशा लांब साखळ्यांच्या शर्करा. त्या पाणी धरून फुगतात आणि घशाच्या आतल्या ओल्या अस्तरावर पातळ थर बसवतात. थर असेपर्यंत तिथल्या चेतातंतूंना चिथावणी कमी मिळते आणि खोकल्याची उबळ कमी येते. प्रयोगशाळेत डुकराच्या गालाच्या आतल्या अस्तरावर खत्मीची पॉलिसॅकराइडं चांगली चिकटलेली दिसली आहेत. परिणाम स्थानिक आहे, त्यामुळे गोळी गिळण्यापेक्षा द्रव तोंडात घोळवून सावकाश गिळलेला बरा. माणसांवरच्या चाचण्या थोड्या आणि लहान आहेत. युरोपीय औषध संस्थेनेही या वनस्पतींना दीर्घकालीन पारंपरिक वापराच्या आधारावरच स्थान दिलं आहे.

किती फुगतं हे मोजता येतं. फुगवट्याचा निर्देशांक म्हणजे १ ग्रॅम चूर्ण पाण्यात फुगून किती मिलिलिटर जागा व्यापतं तो आकडा. युरोपीय फार्माकोपियात, म्हणजे औषधांच्या दर्जाच्या अधिकृत ग्रंथात, खत्मीच्या मुळासाठी तो किमान १०, खत्मीच्या पानासाठी १२, खुब्बाजीच्या पानासाठी ७ आणि खुब्बाजीच्या फुलासाठी १५ ठरवलेला आहे. वजनाच्या हिशेबात फूल मुळापेक्षा पुढे आहे, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. आणलेला माल तपासायचा असेल तर २५ मिलिच्या खुणा असलेल्या, झाकण बसणाऱ्या नळीत १ ग्रॅम चूर्ण घ्या, १ मिलि अल्कोहोलने ओलं करा, २५ मिलि पाणी घाला, तासभर दर दहा मिनिटांनी हलवा आणि मग तीन तास स्थिर ठेवा. अल्कोहोलने आधी ओलं केलं नाही तर गुठळ्या होतात आणि आकडा चुकीचा येतो.

खत्मीचं मूळ: थंड पाण्यातच

अल्थिया ऑफिसिनॅलिसच्या वाळलेल्या मुळात साधारण ५ ते १० टक्के म्युसिलेज असतं. त्याच्या कितीतरी पट, २५ ते ३५ टक्क्यांपर्यंत, स्टार्च असतो. शिवाय पेक्टिन, साखर आणि थोडं अ‍ॅस्पॅराजिन हे अमिनो आम्ल. सगळी गडबड या स्टार्चमुळे होते. पाणी साधारण ६० अंशांच्या पुढे गेलं की स्टार्च फुगून खळ होते. मूळ उकळलं की घट्ट काढा तयार होतो, तो पाहून माणूस खूश होतो, पण त्यातली बरीचशी जाडी निव्वळ खळीची असते. म्युसिलेज थंड पाण्यातही सुटतं, स्टार्चचे कण सुटत नाहीत.

म्हणून रीत अशी: ३ ते ५ मिलिमीटरच्या तुकड्यांत चिरलेलं मूळ १ ते ३ ग्रॅम घ्या. उकळून गार केलेल्या १५० मिलि पाण्यात निदान ३० मिनिटं भिजवा, अधूनमधून ढवळा, गाळा आणि लगेच प्या. दिवसभरात मुळाची एकूण मात्रा १५ ग्रॅमच्या आत ठेवा. फडक्यातून गाळताना पिळू नका. पिळलं की स्टार्चचे कण बाहेर येतात आणि द्रव गढूळ होतो. बारीक भुकटी घेतली तर तिचा लगदा होतो आणि गाळणंच बंद पडतं. थंड पाण्याने मुळावरचे जंतू मरत नाहीत, म्हणून भिजवलेलं पाणी रात्रभर ठेवून सकाळी प्यायचं नाही. जंतूंची धास्ती वाटत असेल तर गाळून झाल्यावर, मूळ बाजूला काढल्यावर, एकदा उकळी आणा. तेव्हा स्टार्च मागे राहिलेला असतो.

अल्कोहोलमधला अर्क या कामाला बहुतेक निरुपयोगी, कारण तीव्र अल्कोहोलमध्ये म्युसिलेज साका होऊन खाली बसतं. सरबतात मूळ कमी आणि साखर जास्त असते. मधुमेह असेल तर हे ध्यानात ठेवा. मार्शमॅलो नावाची मिठाई पूर्वी या मुळापासून बनायची, आज ती जिलेटिनची असते. खोकल्यासाठी तिचा उपयोग नाही.

खुब्बाजीचं फूल: गरम चालतं

माल्वा सिल्व्हेस्ट्रिसच्या फुलात मुळासारखा स्टार्चचा साठा नसतो, त्यामुळे उकळतं पाणी ओतायला हरकत नाही. १ ते २ ग्रॅम फुलांवर २५० मिलि गरम पाणी ओता, दहा मिनिटं झाकून ठेवा आणि गाळा. दिवसातून दोन-तीन वेळा पुरे. बराच वेळ उकळत ठेवू नका, लांब साखळ्या तुटतात आणि द्रव पातळ पडतो.

फुलाचा जांभळा रंग माल्विन आणि तत्सम अँथोसायनिनांचा, म्हणजे आम्लात रंग बदलणाऱ्या रंगद्रव्यांचा, आहे. पाणी आधी निळसर-जांभळं होतं, लिंबाच्या रसाचे दोन-तीन थेंब पडले की कपातच गुलाबी होतं. माल ताजा आहे का हे कळण्यासाठी यापेक्षा सोपी परीक्षा नाही. तपकिरी पडलेल्या फुलांच्या पाण्यात हा बदल जेमतेम दिसतो. तशी फुलं उजेडात किंवा ओलसर जागी राहिलेली असतात. पान घेणार असाल तर उलट्या बाजूला नारिंगी-तपकिरी फोड आहेत का पाहा. तो तांबेरा, म्हणजे बुरशीचा रोग. फोड असलेला माल परत करा. नायट्रोजनयुक्त खत भरपूर घातलेल्या जमिनीतली पानं नायट्रेट साठवतात, तीही नकोत.

लाल अंबाडी: वेगळं काम

हिबिस्कस सब्दारिफाच्या फुलातळात सिट्रिक, मॅलिक आणि हिबिस्कस आम्ल मिळून वजनाचा मोठा हिस्सा होतो. फार्माकोपियाची किमान अट १३.५ टक्के, सिट्रिक आम्लाच्या हिशेबाने. पॉलिसॅकराइडं यातही आहेत, पण सुजलेल्या घशाला आधी आम्लच झोंबतं. तिची खरी बाजू डेल्फिनिडिन आणि सायनिडिनची सांबुबायोसाइडं, म्हणजे तिची लाल रंगद्रव्यं. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत रक्तदाब किंचित वाढलेल्या ६५ जणांपैकी काहींना सहा आठवडे रोज तीन कप अंबाडीचा चहा दिला. त्यांचा वरचा रक्तदाब सरासरी ७.२ मिमीने उतरला, दिखाऊ पेय (अंबाडी नसलेलं) घेणाऱ्यांचा १.३ मिमीने. उपयोग आहे, पण चालू गोळी बंद करण्याइतका नाही. रक्तदाबाची गोळी किंवा क्लोरोक्विन (मलेरियावरचं औषध) चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नियमित घेऊ नये, गरोदरपणात टाळावी. प्यायल्यावर साध्या पाण्याने चूळ भरावी, आम्लाने दातांचं एनॅमल झिजतं.

औषधांबरोबर, आणि थांबायचं कधी

खत्मी आणि खुब्बाजीच्या थरामुळे सोबत घेतलेल्या औषधाचं शोषण लांबू शकतं. गोळी आणि हे पाणी यांत अर्धा ते एक तासाचं अंतर ठेवा. थायरॉइड किंवा झटक्यांच्या गोळीच्या बाबतीत तर हे अजिबात चुकवू नका. खुब्बाजी १२ वर्षांखालच्या मुलांना आणि खत्मी तीन वर्षांखालच्या बाळांना आपल्या मनाने देऊ नये. ताप, धाप, पूमिश्रित कफ किंवा आठवड्याहून लांबलेला खोकला असेल तर डॉक्टरकडे जा.

बला, म्हणजे सिडा कॉर्डिफोलिया, याच कुळातली म्हणून खत्मीऐवजी वापरू नका. तिच्यात अल्प प्रमाणात एफेड्रिन असतं, जे हृदयाची गती आणि रक्तदाब वाढवतं. अमेरिकेने एफेड्रिन-अल्कलॉइडं असलेल्या पूरक आहारांवर २००४ मध्ये बंदी घातली. खेळाडूंच्या लघवीत स्पर्धाकाळात दर मिलिलिटरला १० मायक्रोग्रॅमहून जास्त एफेड्रिन सापडलं तर तो उत्तेजक द्रव्याचा गुन्हा ठरतो. तयार खोकल्याच्या मिश्रणावर बलेचं नाव दिसलं आणि रक्तदाब, हृदयविकार, काचबिंदू किंवा थायरॉइड वाढल्याचा त्रास असला, तर ते मिश्रण घेऊ नका.