मेटल डिटेक्टर आणि ०.०१ ग्रॅमचा वजनकाटा: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

नऊ महिने, जवळजवळ दर रविवारी तीन-चार तास वापर झाल्यावर हे लिहितोय. डिटेक्टर एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सींवर चालणारा, कॉइल (जमिनीवर फिरवायची तारेची चकती) ११ इंची, जोडीला पिनपॉइंटर, म्हणजे खड्ड्यात नेमकी जागा दाखवणारा हातातला छोटा डिटेक्टर. शोधण्याचं काम दोन्ही चोख करतात. ग्राउंड बॅलन्स (मातीचा स्वतःचा प्रतिसाद वगळायची जुळणी) नीट जमला की खनिजं जास्त असलेल्या जमिनीतही उगाचची कुरकुर थांबते. पिनपॉइंटरच्या बॅटरीचं झाकण मात्र चौथ्या महिन्यात ढिलं झालं आणि आत चिखल गेला.

पण वस्तू कोणत्या धातूची असावी हे सुचवणाऱ्या पडद्यावरच्या आकड्याबद्दल सावध करायलाच हवं. यंत्र धातू ओळखत नाही. कॉइलच्या चुंबकीय क्षेत्रामुळे पुरलेल्या वस्तूत प्रवाह फिरतात आणि त्यांचा प्रतिसाद किती मागे पडतो, त्यावरून आकडा येतो. धातूच्या वाहकतेइतकाच वस्तूचा आकार, जाडी आणि ती मातीत आडवी आहे की उभी, यावरही तो हलतो. जाड शिसं आणि पातळ चांदी एकच आकडा दाखवू शकतात.

हे पटलं सहाव्या महिन्यात. नांगरलेल्या शेतात, मालकाची परवानगी घेऊन शोधत होतो. १४ सेंटीमीटरवर एक गोल, जड वस्तू मिळाली. व्यास २५ मिलिमीटर, एक बाजू सपाट, दुसरी फुगीर, मधोमध आरपार भोक, वर पांढुरका राखाडी थर. चुंबक चिकटत नव्हतं. दोन आठवडे मी ते तराजूचं वजन समजत होतो.

इथे कामाला आला वजनकाटा. आधीच्या १ ग्रॅमच्या काट्याने काहीच साधलं नसतं. वस्तू कोरडी भरली ३४.२६ ग्रॅम. मग पाण्याचा पेला काट्यावर ठेवून शून्य केलं आणि वस्तू दोऱ्याने पाण्यात सोडली, तळाला टेकू न देता. काटा ३.०८ वर गेला. हे बाजूला सरलेल्या पाण्याचं वजन, आणि एक ग्रॅम पाणी म्हणजे एक घनसेंटीमीटर, म्हणून आकारमान ३.०८ घनसेंटीमीटर. वजन भागिले आकारमान, म्हणजे घनता, आली ११.१. शिशाची घनता ११.३४, चांदीची १०.५, तांब्याची ८.९६. गंजाचा थर हलका असतो, म्हणून आकडा थोडा खाली येणारच. शिसं नक्की झालं. (शिसं हाताळताना हातमोजे घाला, नंतर हात धुवा.)

धातू कळला, तरी वस्तू कळली नव्हती. उत्तर मिळालं भोकात. कॅलिपर (व्यास अचूक मोजायचं साधन) लावला तर एका बाजूला ९ मिलिमीटर, दुसऱ्या बाजूला ८. जाळ्याच्या किंवा तराजूच्या वजनाला असं निमुळतं भोक कशाला लागेल? निमुळत्या काठीवर घट्ट बसायला मात्र तेच हवं. काडी घालून फिरवली, तर न डगमगता फिरली. टकळीची चकती! सूत कातताना काठीला गती टिकवून देणारं वजन. संग्रहालयातल्या पुरातत्त्व अभ्यासक बाईंनीही तेच सांगितलं. हा आकार शतकानुशतकं फारसा बदलला नाही, त्यामुळे नांगरटीच्या मातीतून आलेल्या सुट्या चकतीचा काळ ठरवता येत नाही, हेही त्यांनी समजावलं. त्यांचा पहिला प्रश्न मात्र जागा आणि खोली नोंदवली का, हा होता. नोंदवली होती, याचं फार समाधान वाटलं.

ओळख पटतेच असंही नाही. रोमन काळातल्या बारा बाजूंच्या पोकळ धातूच्या वस्तू वायव्य युरोपात शंभराहून जास्त मिळाल्यात. धातू माहीत, मापं माहीत, तरी वापर कशासाठी, यावर अभ्यासकांचं आजही एकमत नाही.

साफसफाईबद्दल कळकळीने सांगतो: घासू नका. तिसऱ्या महिन्यात मी तांबेमिश्रित धातूचं एक बक्कल ब्रशने घासलं. हिरवा थर निघाला आणि त्याच थरात टिकलेली नक्षी त्याबरोबर गेली. ते अजून सलतं. माती सुकू द्या आणि मऊ कुंचल्याने झटका, तेवढंच. नांगरटीच्या थराखाली काही लागलं, तर हात थांबवा आणि जाणकाराला बोलवा. कायदा देशागणिक वेगळा आहे. काही ठिकाणी शोधायलाच परवाना लागतो, काही ठिकाणी सापडलेलं कळवावं लागतं. यंत्र घेण्याआधी तो वाचा.

मोठी कॉइल घ्यायचा विचार सोडलाय. पुढची खरेदी म्हणजे तिरप्या उजेडाचा दिवा आणि मोजपट्टीसह फोटो काढायला छोटा स्टँड.