पवित्र वर्षाची यात्रा: पापडी, सावंतवाडी, बांद्रा की जुने गोवे?

पवित्र वर्ष म्हणजे कॅथलिक चर्चचं यात्रेचं आणि क्षमेचं वर्ष; त्यात कोकणातल्यांनी यात्रेला कुठं जावं, हा प्रश्न. आधी रोमचा विषय संपवू. 2025 च्या पवित्र वर्षात पवित्र द्वारं (फक्त अशा वर्षात उघडणारे खास दरवाजे) उघडली ती रोमच्या चार मुख्य बासिलिकांत (खास मान दिलेल्या चर्चमध्ये) आणि रेबिबिया तुरुंगात. 2015-16 च्या दयेच्या वर्षात मात्र ती धर्मप्रांतोधर्मप्रांती, म्हणजे प्रत्येक बिशपच्या हद्दीत, होती. त्यामुळे 2025 मध्येही ‘आपल्याकडचं दार कुठंय?’ असं विचारत बरेच जण फिरले. दार नसलं म्हणून लाभ कमी होत नाही. रोमला मिळणारा पूर्ण इंडल्जन्स, म्हणजे फादरसमोरच्या कबुलीत पापाची क्षमा झाल्यावरही उरणाऱ्या शिक्षेची माफी, कोकणातल्या नेमलेल्या चर्चमध्येही तोच असतो. पासपोर्ट, व्हिसा आणि दोन-तीन लाख हाताशी असतील तर रोमला खुशाल जा, पण ‘तिथलं पुण्य मोठं’ या हिशेबानं जाऊ नका.

पुढचं नेहमीचं पवित्र वर्ष 25 वर्षांच्या अंतरानं, म्हणजे 2050 मध्ये. पण विशेष वर्षं अधेमधे जाहीर होतात, आणि 2033 मध्ये ख्रिस्ताच्या मरण-पुनरुत्थानाला दोन हजार वर्षं होतील, हे 2025 च्या घोषणापत्रातच लिहून ठेवलंय. दर वेळी इंडल्जन्सच्या अटींचं नवं फर्मान निघतं, ते वाचावंच लागतं. सांगाडा मात्र फारसा बदलत नाही.

नेमलेल्या ठिकाणी जाऊन मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना), क्रुसाची वाट (येशूच्या दुःखांचं स्मरण), रोझरी (जपमाळ) यांपैकी एखाद्या उपासनेत भाग घ्यायचा. नाहीतर पवित्र साक्रामेंतापुढं (चर्चमध्ये ठेवलेल्या पवित्र भाकरीपुढं) शांतपणे बसून शेवटी ‘हे आमच्या स्वर्गातील बापा’, विश्वासांगिकार आणि मरियामातेची प्रार्थना म्हणायची. सोबत कबुली, कम्युनियन (मिस्सेतली पवित्र भाकर घेणं), पोपमहोदयांच्या हेतूंसाठी प्रार्थना (एक ‘आमच्या बापा’ आणि एक ‘नमो मरिया’ पुरते) आणि पापाची ओढ मनातून सोडणं. कबुली त्याच दिवशी हवी असं नाही. साधारण वीस दिवस आधी किंवा नंतर झाली तरी चालते, आणि एका कबुलीवर अनेक दिवसांचे इंडल्जन्स घेता येतात. कम्युनियन आणि प्रार्थना मात्र प्रत्येक वेळी वेगळी, शक्यतो त्याच दिवशी.

घोडं पेंड खातं ते कबुलीपाशी. बस साडेअकराला पोचते, मिस्सा आटोपलेली असते, फादर जेवायला गेलेले, पुढच्या ठिकाणची घाई. पन्नास माणसं आणि एक कबुलीघर असेल तर प्रत्येकी पाच मिनिटं धरली तरी चार तास लागतात. म्हणून कबुली निघण्याआधी आपल्याच धर्मग्रामात (नेहमीच्या चर्चमध्ये), आपल्या भाषेत उरकून घ्यावी. वयस्कर माणसाला इंग्रजीत कबुली द्यायला लावणं हा छळच आहे. ठिकाण निवडतानाही हीच कसोटी लावा: तिथं कबुली कधी आणि कुठल्या भाषेत? देखावा, इतिहास, फोटो ते नंतर.

आता ठिकाणं. 2025 च्या फर्मानात धर्मप्रांताची कॅथीड्रल्स (बिशपची मुख्य चर्च) आणि बिशपनी नेमलेली इतर चर्च होती. म्हणजे कॅथीड्रलबद्दल प्रश्नच नव्हता, बाकी सगळं यादी पाहून. वसईकरांना पापडीचं कॅथीड्रल सगळ्यात सोयीचं. वसई रोड स्टेशनच्या पश्चिमेकडून बस किंवा रिक्षा, मराठी मिस्सा, सकाळी जाऊन दुपारी घरी. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीकरांसाठी तेच काम सावंतवाडीचं मिलाग्रिस कॅथीड्रल करतं. रेल्वेनं येणार असाल तर सावंतवाडी रोड स्टेशन गावाबाहेर मळगावला आहे, तिथून पुढच्या रिक्षाचा वेळ मिस्सेच्या वेळेतून वजा करा. रायगड मुंबईच्या आर्चडायोसीसमध्ये (महाधर्मप्रांतात) मोडतो, म्हणून अलिबाग-कोर्लईकरांनी मुंबईची यादी पाहावी. अर्थात दुसऱ्या धर्मप्रांतातलं नेमलेलं ठिकाणही चालतं.

बांद्र्याचं माउंट मेरी लाडकं खरं, पण ती बासिलिका आहे, कॅथीड्रल नव्हे, म्हणून आधी यादी पाहा. 8 सप्टेंबरनंतरच्या रविवारपासून आठवडाभर जी जत्रा भरते, तेव्हा मेणाचे हात-पाय वाहायला जरूर जा. इंडल्जन्ससाठी मात्र साधा बुधवार गाठा.

जुने गोवे हा खरा मोह. करमळी स्टेशन दोन-तीन किलोमीटरवर, आणि संत फ्रान्सिस झेवियर यांच्या 3 डिसेंबरच्या फेस्ताआधी (सणाआधी) 24 नोव्हेंबरपासून नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना), त्यात दिवसभर मिस्सा आणि कबुली ऐकायला जादा फादर. मोठ्या गटासाठी कबुलीच्या दृष्टीनं यापेक्षा चांगले दिवस नाहीत, फक्त मिस्सा बहुतेक कोंकणीत हे धरून चला. मालवणी कानांना ती जड जात नाही. तिथल्या बोम जेझू बासिलिकेत संत फ्रान्सिस झेवियर यांची चांदीची पेटी उंचावर आहे, शव एरवी दिसत नाही. ते दर्शन दहा वर्षांनी एकदा, मागचं 21 नोव्हेंबर 2024 ते 5 जानेवारी 2025. लोक पेटी पाहून परततात आणि रस्त्यापलीकडचं से कॅथीड्रल राहून जातं, जे कॅथीड्रल म्हणून हमखास धरलं जातं. दोन्हीकडे जा. खांदे-गुडघे झाकलेले कपडे घाला.

सावंतवाडीहून चालत जायचं तर महामार्गानं साठ-पासष्ट किलोमीटर: तरुणांना दोन दिवस, इतरांना तीन. रात्री चालणाऱ्यांनी चकाकणाऱ्या पट्ट्या लावाव्यात आणि समोरून येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून चालावं. नव्या चपला घालून निघालेला वाटेतल्या बांदा गावातच बसतो.

घरी आजारी किंवा अंथरुणाला खिळलेलं कोणी असेल तर त्यांना गाडीत घालून नेऊ नका. मनानं यात्रेकरूंसोबत राहून, घरातूनच प्रार्थना आणि आपलं दुखणं अर्पण केलं तरी तोच लाभ मिळतो. कम्युनियन घरी आणायला फादरना आधी सांगून ठेवा.

शेवटची तारीखही नीट पाहा. 2025 मध्ये धर्मप्रांतांतला समारोप 28 डिसेंबरला झाला, रोममधला 6 जानेवारी 2026 ला. नाताळची सुट्टी संपता संपता निघू म्हणणाऱ्यांचा गावचा समारोप हुकला.