घरी सक्शन मशीन: ७ महिने वापरल्यानंतरचा अनुभव

बाबांची ट्रॅकिओस्टॉमी झाली (गळ्याला भोक पाडून श्वासासाठी ट्यूब बसवतात ती, आम्ही नुसतं ट्रॅकी म्हणतो) आणि डिस्चार्जच्या वेळी सांगितलं की कफ ओढून काढायला घरी सक्शन मशीन लागणारच, तेव्हा मीही ऑनलाइन बघत बसलो की कुठलं मशीन सगळ्यात जोरात ओढतं. आता ७ महिने झाले, दिवसातून ६-७ वेळा तरी चालू होतं, रात्रीचं वेगळंच, आणि आता वाटतं की मी अगदीच चुकीचा आकडा बघत होतो.

माझ्या मशीनवर कमाल ६०० एमएमएचजी (ओढीचं प्रेशर मोजायचं माप) असं लिहिलंय. मोठ्या माणसाच्या ट्रॅकीला लागतं साधारण ८० ते १२०, फारच चिकट कफ असेल तर १५०. म्हणजे पाऊण ताकद कधी वापरायचीच नाहीये. आणि प्रेशर सेट करताना नळीचं तोंड अंगठ्याने दाबून मग नॉब फिरवायचा असतो हे मला कोणी सांगितलंच नव्हतं, मी उघड्या नळीवर काटा बघून नॉब पिळत गेलो, मग कॅथेटर (ट्रॅकीत घालायची बारीक मऊ नळी) आत जाऊन चिकटलं आणि कफात लाल धागे दिसले. त्या दिवशी माझे हातच गार पडले. दुसऱ्या दिवशी घरी येणाऱ्या सिस्टरनी नीट शिकवलं: आत घालताना कॅथेटरच्या हातातल्या टोकाजवळचं भोक उघडं, बाहेर काढतानाच अंगठा ठेवायचा, आणि ओढणं १० सेकंद, फार तर १५. मी त्या वेळी स्वतःचा श्वास धरतो, मला गुदमरायला लागलं की बाबांनाही लागलंच असणार, हिशोब सोपा.

कॅथेटरच्या नंबरात एकदा फसलो. ट्यूबच्या आतल्या व्यासाच्या निम्म्याहून जाड कॅथेटर नको असतं. बाबांच्या ट्यूबचं आतलं माप ८ मिमी, निम्मं ४, आणि कॅथेटरचा नंबर फ्रेंच या मापात असतो, ३ फ्रेंच म्हणजे १ मिमी, त्यामुळे १२ नंबर, पांढऱ्या टोकाचं, बरोबर बसतं. एकदा ते मिळालं नाही म्हणून १४ चं हिरवं आणलं, म्हटलं जाड आहे, लवकर साफ होईल. बाजूने हवा आत यायला जागाच कमी उरली, वर आपण आतली हवा ओढतोय, ऑक्सिमीटरचा आकडा भराभर खाली. लगेच बाहेर काढलं, परत वापरलं नाही. तोंडातल्या लाळेसाठी वेगळी कडक वाकडी नळी येते, यँकॉर म्हणतात, १९०७ च्या सुमारास सिडनी यँकॉर नावाच्या अमेरिकन ईएनटी सर्जननी केलेली, ऑपरेशन थिएटरमध्ये अजून तीच चालते. ती फक्त तोंडासाठी, तोंडात गेलेली कुठलीच नळी ट्रॅकीत घालायची नाही.

आता मशीनबद्दल. तिसऱ्या महिन्यात ओढच बसेना. सर्व्हिसवाल्याला फोनवरच कळलं म्हणे की पंप गेलाय, बदला. मी नळी काढून पंपाच्या तोंडावरच बोट ठेवलं तर काटा सरसर चढला, म्हणजे पंप ठणठणीत, हवा पुढे कुठेतरी गळतेय. जारच्या झाकणाचा वॉशर धुताना उलटा बसला होता! नंतर एकदा याच्या बरोबर उलटं झालं, काटा वर पण टोकाला ओढच नाही. तो फिल्टर होता, ओला होऊन चोंदलेला. गेज, म्हणजे काट्याची तबकडी, पंपाच्या बाजूला असतो त्यामुळे त्याला पुढचं काही कळत नाही, म्हणून रोज सकाळी वाटीभर पाणी ओढून बघायचं, पाणी खोटं बोलत नाही. जारमध्ये एक फ्लोट असतो, जार भरला की तो वर जाऊन हवा बंद करतो, पंपात पाणी जाऊ नये म्हणून. चांगली गोष्ट, पण मशीन जरा तिरकं झालं तरी तो अडकतो आणि रात्री ३ वाजता आपण गोंधळतो. जार दोन तृतीयांश भरला की रिकामा करतोच.

आवाज खूप आहे. खाली जाड रबरी मॅट टाकली तर थोडा कमी होतो, घडी केलेलं ब्लँकेट नको, हवेचे झरोके बंद होऊन मशीन तापतं.

कफ घट्ट झाला की घरातले म्हणतात प्रेशर वाढव. त्याने काही होत नाही, नेब्युलायझर आणि ट्रॅकीवरचा ओलावा धरणारा फिल्टर याचाच उपयोग होतो. घड्याळ लावूनही सक्शन करत नाही आता, छातीत घरघर ऐकू आली किंवा बाबांनी दोन टाळ्या वाजवल्या की करायचं. टाळ्यांची आयडिया त्यांचीच, बोलता येत नाही ना.

खरी चूक एकच, बॅटरी नसलेलं घेतलं. एकदा ऐन सक्शनच्या वेळी लाइट गेली. तेव्हापासून पायाने दाबायचा पंप पलंगाखाली असतो, आईलाही चालवायला शिकवलाय, आणि महिन्यातून एकदा तिच्याकडून पाणी ओढवून घेतो.