डोनर एगसाठी नागपूरचं सेंटर: पाचपैकी साडेतीन तारे

सेंटरचं नाव लिहीत नाही. आमचं गाव घाटंजी तालुक्यातलं, लहानसं. नाव लिहिलं की कोणीतरी तारखा जुळवत बसेल. धंतोलीत आहे, एवढं पुरे.

मी अंगणवाडी सेविका. दर महिन्याला गावातली लेकरं वजनकाट्याला टांगायची आणि आपल्या घरी पाळणा नाही, असं अकरा वर्षं चाललं. ३७ व्या वर्षी एएमएच तपासलं, म्हणजे अंडाशयात बीजं किती उरलीत ते सांगणारं रक्त. ०.३ आलं, फार कमी. या सेंटरच्या डॉक्टर मॅडमनी आडपडदा ठेवला नाही. "तुमच्या बीजावर आता पैसे घालवू नका. गर्भाशय चांगलं आहे, डोनरचं, म्हणजे दुसऱ्या बाईचं बीज घ्या." एक अख्खा तारा या दोन वाक्यांचा. आधीच्या एका ठिकाणी दोन आयव्हीएफमध्ये आमचे दोन हंगामांचे कापसाचे चुकारे गेले, तिथे हे कोणी तोंडातून काढलं नव्हतं.

धाकटी बहीण म्हणे, "माह्यं घे ना वं बाई, बाहेरचं कायले?" सेंटरवाल्यांनी सांगितलं, २०२१ च्या कायद्यापासून बीज फक्त नोंदणी असलेल्या बीज-बँकेतून येतं आणि देणारी कोण हे आपल्याला सांगत नाहीत. तिचं वय २३ ते ३५ मध्ये पाहिजे, जन्मात एकदाच द्यायचं, सातपेक्षा जास्त बीजं काढायची नाहीत, आणि एकीचं बीज एकाच जोडप्याला. होणारं लेकरू कायद्याने आपलंच, तिचा हक्क राहत नाही. हे सगळं कौन्सेलर ताईंनी मराठीत, पाऊण तास बसून सांगितलं. घाई केली नाही.

मग आला तो कागद. रक्तगट, उंची, शिक्षण, आणि एक रकाना रंगाचा. कोऑर्डिनेटर पोरगी पेन धरून विचारते, "गोरी पाहिजे ना?" आमचे हे एरवी सेंटरात तोंड उघडत नसत. तिथे बोलले, "मॅडम, आमच्या घरी सारेच काळे. गोरं पोट्टं झालं तं लोकच विचारतीन." रक्तगट तेवढा जुळवला, बाकी रकाने कोरे सोडले.

खर्च एकूण १ लाख ९० हजार, औषधं वेगळी. आयुष्मान कार्ड दाखवून पाहिलं, चालत नाही. थोडे चुकाऱ्याचे, थोडे पतसंस्थेचे, उरलेल्यासाठी माझी पोत. बिलात एक ओळ होती, 'डोनर विमा'. आधी वाटलं, हे काहीतरी लावलंय. पण तो कायद्यातच आहे, डोनरचा १२ महिन्यांचा विमा आपण काढायचा असतो. मी म्हटलं, मग पॉलिसी दाखवा. तिचं नाव झाकून दाखवली. तुम्हीही मागा. इंजेक्शनं तिने घेतली, भूल तिला दिली. तिला पुढे काही झालं तर दवाखान्याचे पैसे निघतात की नाही, एवढं तरी आपण पाहायला हवं.

आता दीड तारा कुठे कापला ते. भरलेल्या हॉलमध्ये रिसेप्शनवरून आवाज आला, "डोनर सायकलवाले घाटंजी कोण?" समोरच्या बाकावर पारव्याकडची एक बाई बसली होती, तोंडओळखीची. मी उठलेच नाही. वीस मिनिटांनी जाऊन हळूच सांगितलं, मीच ती. तक्रार लिहून दिली तेव्हा पुढच्या खेपेपासून टोकन नंबर सुरू झाले. आपोआप सुचायला हवं होतं.

दुसरं, फेऱ्या. पहाटे निघून यवतमाळ, तिथून वर्धा मार्गे नागपूर. बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे म्हणून निभलं. पाच मिनिटांच्या सोनोग्राफीसाठी दिवस मोडायचा, तोही वेचणीच्या दिवसांत. डोनर एगमध्ये आपली बीजं काढायची नसतात. गोळ्या घ्यायच्या आणि गर्भाशयाचं अस्तर किती जाड झालं ते बघायचं. माझं ६.८ मिलिमीटरवर अडलं होतं. शेवटी मीच विचारलं, हे यवतमाळला करून रिपोर्ट व्हॉट्सअॅपवर पाठवला तर? "हो, चालेल की," म्हणे. चौथ्या फेरीनंतर! पुढचं मोजमाप यवतमाळलाच केलं, ८.४ आलं, मग गर्भ ठेवायलाच नागपूरला गेलो.

त्यानंतरची प्रोजेस्टेरॉनची, म्हणजे गर्भ टिकायच्या हार्मोनची इंजेक्शनं तेलातली, घट्ट. कुल्ल्यात घ्यायची, रोज. आशाताईला बोलवावं तर दहा प्रश्न. म्हणून नर्सने ह्यांनाच शिकवलं. ह्यांनी तोवर बैलाला देताना पाहिलं होतं तेवढंच. इंजेक्शनाची बाटली आधी हाताच्या मुठीत धरून कोमट करायची, हळू दाबायचं, मग मिठाच्या पुरचुंडीने शेकायचं. सासूबाईंना सांगितलं, ताकदीचं आहे. त्या शेकायचं मीठ तव्यावर गरम करून देत. कधी काही विचारलं नाही, आणि मला वाटतं, त्यांना कळलं होतं.

सात बीजांचे तीन गर्भ टिकले. पहिला ठेवला, चौदाव्या दिवशी रक्ताचा रिपोर्ट निगेटिव्ह. मॅडमनी स्वतः फोन केला, रिसेप्शनकडून कळवलं नाही, हे लक्षात राहिलं. मग दुसरा गर्भ ठेवला, त्याची पोरगी सात महिन्यांची आहे. मागच्या वजनाला ६ किलो ९००. रजिस्टरात माझ्याच हाताने लिहिलं, बिंदू हिरव्या पट्ट्यात.

तिसरा नागपूरलाच गोठवलेला आहे. जास्तीत जास्त दहा वर्षं ठेवता येतो. नूतनीकरणाचा मेसेज आलाय, ६ हजार रुपये. हे म्हणतात भरू, मी म्हणते तूर विकू द्या आधी.