ग्लासवूल, रॉकवूल की पॉलिएस्टर? गोव्यातल्या घरासाठी आधी छप्पर बघा

आमच्या डिचोलीकडे बऱ्याच घरांचं हेच होतं, स्लॅब गळायला लागला की वर पत्रे मारतात आणि मग दोन-तीन वर्षांत त्या पत्र्याखाली पोरांसाठी खोली निघते. एप्रिल-मेमध्ये दुपारी तिथे बसवत नाही. माझ्या भावाने तशीच खोली काढली आणि आता आत कुठलं इन्सुलेशन, म्हणजे उष्णता अडवणारी गादी, घालायचं यावर घरात महिनाभर चर्चा चालली: काचेच्या धाग्याचं ग्लासवूल, दगडाच्या धाग्याचं रॉकवूल की पॉलिएस्टर. दुकानदार एक सांगतो, फॉल्स सीलिंगवाला दुसरंच.

पहिली गोष्ट म्हणजे फक्त आकड्यांवर निवडायला जाऊ नका. उष्णता अडवण्यात हे तिन्ही जवळपास सारखेच आहेत, त्यांच्यातून उष्णता जाण्याचा आकडा साधारण ०.०३५ ते ०.०४ वॅट प्रति मीटर केल्विन (जितका कमी तितकं चांगलं), म्हणजे ५० मिलिमीटरच्या थरातून आर-व्हॅल्यू, म्हणजे उष्णता अडवण्याची ताकद, सव्वा ते दीडच्या मध्ये मिळते. खरा फरक जाडीने पडतो, १०० मिलिमीटर घातलं तर दुप्पट. पण १०० ची गादी ५० च्या जागेत दाबून कोंबली तर दुप्पट काही मिळत नाही, कारण काम करते ती धाग्यांमध्ये अडकलेली हवा, आणि तीच तुम्ही दाबून बाहेर काढलेली असते.

मग निवडायचं कशावर? आपल्याकडे तरी पाण्यावर. जून ते सप्टेंबर पाऊस कोसळतो, कुठूनतरी थेंब आत येतोच. ग्लासवूल सगळ्यात स्वस्त आणि हलकं, पण भिजलं की खाली बसतं, जड होऊन लोंबकळतं आणि उष्णता अडवणं जवळजवळ बंद. वाळल्यावरही पहिल्यासारखं फुगेल याची खात्री नाही. रॉकवूलला बहुतेक वेळा पाणी झटकणारं ट्रीटमेंट असतं, त्यामुळे चार थेंबांनी काही होत नाही, पण सतत गळणाऱ्या जागी तेही ओलं राहतं आणि वर लाकूड असेल तर ते कुजवतं. पॉलिएस्टरचा धागा स्वतः पाणी पीत नाही, लवकर वाळतं, खाज नाही, बरंचसं तर जुन्या प्लॅस्टिकच्या बाटल्यांपासूनच बनतं. लहान मुलं असलेल्या घरात हाताळायला मला तेच बरं वाटतं.

पण आगीजवळ पॉलिएस्टर नको म्हणजे नको. साधारण २५० अंशांच्या आसपास ते वितळतं. स्वयंपाकघराच्या वर, न्हाणीच्या चुलीजवळ, जिथून वायरींचं जंजाळ जातं तिथे रॉकवूलच घाला, तो दगड वितळवून काढलेला धागा आहे आणि १००० अंशांपर्यंत टिकतो. पत्र्यावर पावसाचा ताशा वाजतो तो कमी करायलाही जड डेन्सिटीचं रॉकवूल उपयोगी पडतं. वजनाचा हिशोब मात्र आधी करा : ४८ डेन्सिटीचं (घनमीटरला ४८ किलो) ५० मिलिमीटर रॉकवूल म्हणजे चौरस मीटरला २.४ किलो, २४ चं ग्लासवूल त्याच्या निम्मं. १०० चौरस मीटरच्या छपराला २४० किलो लटकणार, तर चॅनेल आणि जाळी तेवढी मजबूत हवी.

आता एसीचं. व्हिडिओ बघून लोक ओल अडवायला गादीला चमकदार ॲल्युमिनियम फॉइल किंवा प्लॅस्टिक खोलीच्या बाजूने लावतात, पण ते थंड देशांचं गणित आहे, तिथे ओल घरातून बाहेर जाते. गोव्यात दमट हवा बाहेरून येते आणि एसीने गार झालेल्या सीलिंगकडे जाते, मग फॉइल आतल्या बाजूला असेल तर पाणी त्याच्यामागे साचतं आणि वर्षभरात बुरशीचे काळे डाग येतात. म्हणून एसीच्या खोलीत फॉइल वर, पत्र्याकडे तोंड करून, सांध्यांना ॲल्युमिनियम टेप, आणि फॉइल व पत्र्यामध्ये किमान २५ मिलिमीटर मोकळी हवा. ही हवा हवीच, पत्र्याला चिकटलं की फॉइलची चमक काही कामाची राहत नाही. वर्षांनी वर धूळ बसली की चमक कमी होते हे खरं, पण ओल अडवणं चालू राहतं, आणि पहाटे पत्र्याला घाम सुटून थेंब पडतात तेही फॉइलवर थांबतात.

कौलारू घर असेल तर वेगळं. कौलांना टेकवून काहीही कोंबू नका, तिथून हवा खेळली पाहिजे नाहीतर वासे कुजतील. माळ्याच्या फळ्यांवर गादी अंथरा, वर कौलांकडे मोकळी जागा ठेवा. उंदीर मात्र तिन्हींत घर करतात, तेव्हा कडेच्या फटी बारीक जाळीने बंद करा. चिऱ्याच्या जाड भिंतींना आतून इन्सुलेशन लावायच्या फंदात पडू नका, आधी छप्पर.

खाजेला घाबरून ग्लासवूल कॅन्सर करतं असं कोणी सांगितलं तर ते ॲस्बेस्टॉसशी गल्लत करतायत. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००१ साली इन्सुलेशनचं ग्लासवूल संशयित यादीतून काढलं. तरी बसवताना मास्क, चष्मा, पूर्ण बाह्यांचा शर्ट घालाच, आणि कामगारांनाही घालायला लावा, ते बिचारे उघड्या हातांनी करतात.

भावाने शेवटी छपराखाली रॉकवूल ठरवलं, आणि शेजारच्या अभ्यासाच्या खोलीच्या पार्टिशनमध्ये पॉलिएस्टर. काम जानेवारीत, कारण चवथीच्या आधी लाकूड, स्लॅब सगळं ओलं असतं आणि ती ओल आत कोंडली जाते. त्याआधी एक दिवस पत्र्यावर पाइपने अर्धा तास पाणी मारून, खाली टॉर्च घेऊन प्रत्येक स्क्रू बघणार आहोत.