हँड रिफ्रॅक्टोमीटर (०–३२ ब्रिक्स): वाइनच्या द्राक्षांना हा एकटा पुरतो का?

डिसेंबर उजाडला की नाशिकच्या दिंडोरी-निफाड पट्ट्यात बागायतदाराच्या एका खिशात मोबाईल आणि दुसऱ्यात रिफ्रॅक्टोमीटर. वीतभर नळी, एका टोकाला तिरकी काच आणि तिच्यावर पारदर्शक झाकण, दुसऱ्या टोकाला डोळा लावायची भिंग. आत वर निळं, खाली पांढरं. दोन्हींची रेषा ज्या आकड्यावर येते तो ब्रिक्स, म्हणजे ढोबळ मानाने १०० ग्रॅम रसात किती ग्रॅम साखर. बॅटरी नाही, चार्जिंग नाही, आणि साधा नग हजार-दोन हजारांत मिळतो. टेबल द्राक्षांसाठी या किमतीत याहून चांगलं काही नाही. वाइनच्या द्राक्षांसाठी मात्र हे उपकरण अर्धंच खरं सांगतं. कुठला अर्धा भाग खरा, ते त्या वर्षीचं हवामान ठरवतं.

आधी उपकरणाबद्दल. ०–३२ चीच पट्टी घ्यावी, त्यात ०.२ चे भाग असतात. ०–८० किंवा ०–९० वाला घेऊ नये. तो पाक, काकवी, मधासाठी असतो, त्याच्या बारीक रेघांवर २१ आणि २२ मधला फरक धड वाचता येत नाही. ‘एटीसी’ म्हणजे तापमानाचा फरक आपोआप सावरणारा नग घ्यावा, पण त्या तीन अक्षरांवर डोळे मिटून विश्वास ठेवू नये. ही सोय साधारण १० ते ३० अंश सेल्सिअसपर्यंतच चालते. आपल्याकडे अडचण नेमकी इथेच येते. जानेवारीत निफाडकडे पहाटे पारा दहाच्या खाली जातो आणि मार्चच्या दुपारी तो तिसाच्या वर असतो, म्हणजे तोडणीच्या हंगामाची दोन्ही टोकं उपकरणाच्या हद्दीबाहेर. एटीसी नसलेला नग २० अंशांना बरोबर असतो. ३० अंशांना तो पाऊण ब्रिक्सच्या आसपास कमी दाखवतो, १० अंशांना तितकाच जास्त. वाइनरीशी केलेल्या करारात किमान ब्रिक्स लिहिलेला असेल तर या पाऊण ब्रिक्सवरून तिच्या गेटवर वाद होतात. उपाय सोपा आहे: नळी आणि रस दोन्ही सावलीत, खोलीच्या तापमानाला दहा मिनिटं राहू द्यावेत आणि मगच डोळा लावावा. रात्रभर जीपमध्ये थंड पडलेली नळी लगेच वापरू नये.

शून्य रोज लावायचं. काचेवर डिस्टिल्ड वॉटरचे दोन-तीन थेंब, झाकण हळू टेकवायचं, आत बुडबुडा नको, अर्धा मिनिट थांबायचं आणि वरच्या स्क्रूने रेषा शून्यावर आणायची. बोअरचं पाणी चालत नाही. त्यात क्षार असतात, शून्यच चुकतं. रेषा धुरकट दिसली तर बहुतेक वेळा रस न गाळता टाकलेला असतो, नाहीतर काचेवर आदल्या दिवशीची साखर वाळलेली असते.

आता मुद्द्याचं. रिफ्रॅक्टोमीटर साखर किती आली ते सांगत नाही, रसात ती किती दाट आहे ते सांगतो. हा फरक एका हिशेबात दिसतो. समजा एका प्लॉटमधल्या १०० मण्यांचं वजन १४० ग्रॅम आणि ब्रिक्स २१. म्हणजे ढोबळ मानाने २९.४ ग्रॅम साखर. आठवडाभर कोरडा वारा आणि कडक ऊन पडलं. पुन्हा १०० मणी घेतले, वजन १२८, ब्रिक्स २३. बागेत आनंद होतो, पण गुणाकार केला तर साखर तेवढीच, २९.४. वेलीने एक दाणाही साखर घातलेली नाही, मणी फक्त सुकले. उलट आठवड्यात अवकाळी झाला, किंवा ड्रिप जरा जास्त चाललं, तर वजन १५० आणि ब्रिक्स १९.६. गुणाकार? पुन्हा २९.४. तीन वेगळे आकडे, तिन्हींमध्ये साखर एकच. पावसानंतर ब्रिक्स पडला म्हणून घाबरून औषध-खत मारणारे आणि उन्हाने चढला म्हणून घाईने तोडणी लावणारे, दोघेही या एका गुणाकारात वाचले असते. ग्रॅमचे दशांश दाखवणारा साधा वजनकाटा रिफ्रॅक्टोमीटरपेक्षा स्वस्त असतो आणि तो सोबत नसेल तर नळी अर्धी आंधळी.

मणी कसे घ्यायचे यावर निकाल जास्त अवलंबून असतो. उन्हाकडचा, वरच्या खांद्यावरचा एक टपोरा मणी फोडून काचेवर टाकायचा आणि २२ म्हणून खूश व्हायचं, हे बागोबाग चालतं. घडाच्या खांद्यावरचे मणी टोकाच्या मण्यांपेक्षा गोड असतात. एका प्लॉटमधून २०० मणी तरी हवेत: ओळीच्या दोन्ही बाजूंनी, घडाचा वर-मध्य-खाल, ओळीच्या टोकाच्या वेली सोडून. रोज त्याच वेळी, सकाळी दव वाळल्यावर. दवाने ओले मणी घेतले तर वरचं पाणी रसात मिसळून आकडा पाडतं. सगळे मणी पिशवीत चुरडायचे, बियांना धक्का न लावता, आणि कपड्याने गाळून रस मोजायचा.

एवढं करूनही दोन वेलींत दोन-दोन ब्रिक्सचा फरक येत असेल तर दोष नळीचा नाही, त्याचं मूळ मागच्या दहा महिन्यांत शोधावं लागतं. आपल्याकडे वेल वर्षात दोनदा छाटतात आणि फळ एकदाच घेतात. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर, म्हणजे फळासाठी नव्हे तर नवी काडी वाढवण्यासाठीच्या छाटणीनंतर, महिना-दोन महिन्यांत नव्या काडीच्या डोळ्यांत सूक्ष्मघड तयार होतात आणि त्यासाठी लख्ख उन्हाची गरज असते. २०२५ मध्ये मे महिन्यातच पाऊस सुरू झाला, मान्सून २६ मे रोजी मुंबईत पोचला. ढगाळ मे-जूनमध्ये काडी लांबते, पानं दाट होतात, डोळ्यांत घड धरत नाही किंवा नंतर जिरतो. अशा बागेत काही वेलींवर घड निम्मे तर शेजारच्या वेलीवर भरपूर. कमी घडांची वेल आधी पिकते, जास्त घडांची मागे राहते. सरासरी २१ निघते खरी, पण टाकीत १९ आणि २३ एकत्र जातात. अशा वर्षी एक सॅम्पल पुरत नाही. हलक्या वेलींना रंगीत रिबन बांधून दोन तोडण्या कराव्या लागतात.

फळछाटणीची, म्हणजे फळ घेण्यासाठीच्या दुसऱ्या छाटणीची, वेळ हा दुसरा जुगार. सप्टेंबरअखेर छाटलं की पीक लवकर, जानेवारीच्या थंडीत येतं. पण कोवळी फूट परतीच्या पावसात सापडते. २०१९ च्या ऑक्टोबरअखेर आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला ‘क्यार’ आणि ‘महा’ या अरबी समुद्रातल्या वादळांच्या काळात तेच झालं: ओली पानं, डाउनी हा पानांवरचा बुरशीसारखा रोग, घड कुजणं. डाउनीने पानं जळाली की काडीवर बारा-पंधरा निरोगी पानं उरत नाहीत, आणि मग ब्रिक्स १८-१९ वर येऊन अडून बसतो. तिथे कितीही दिवस थांबलं तरी आकडा हलतो तो मणी सुकून. वजनकाटा लगेच सांगतो. पाऊस टाळायला उशिरा छाटलं तर तोडणी मार्चच्या उन्हात ढकलली जाते. दोन्हीकडून सुटका देणारी तारीख पंचांगात नाही.

गारपिटीचं वेगळंच. २६ नोव्हेंबर २०२३ ला नाशिक जिल्ह्यात गारा पडल्या तसं झालं, की फुटलेले मणी काही वाळतात, काही सडतात. सडक्या मण्यांच्या रसात साखरेशिवायही विरघळलेले पदार्थ असतात, ते ब्रिक्स फुगवतात. सॅम्पलमध्ये असे मणी येऊ देऊ नयेत, पण मोजून ठेवावेत: २०० पैकी दहा सडके निघाले तर तोडणीच्या दिवशी टेबलावर निवड करायला माणसं लागणारच.

आता उरलेला अर्धा भाग, म्हणजे आम्ल. इथे रिफ्रॅक्टोमीटर पूर्ण गप्प. युरोपात द्राक्ष पिकतं तसा थंडावा वाढत जातो. नाशिकला उलट, जानेवारीत गारठा आणि पुढे रोज ऊन चढतं. थंड रात्री मण्यातलं मॅलिक आम्ल टिकवतात, गरम रात्री ते जाळून टाकतात. टार्टारिक हे द्राक्षातलं दुसरं आम्ल तुलनेने टिकाऊ. थंड जानेवारीत ब्रिक्स आठवड्याला एखाद्याने चढतो, सोव्हिन्यों ब्लां ही पांढऱ्या वाइनची जात २१ ला येते तेव्हाही रसात आंबटपणा शिल्लक असतो आणि चार दिवस थांबायला वाव असतो. फेब्रुवारी २०२३ सारखा महिना आला तर तीच साखर निम्म्या दिवसांत येते. तो फेब्रुवारी देशाच्या सरासरी कमाल तापमानात १९०१ पासूनचा सर्वांत उष्ण होता. तेव्हा नळीत २१.५ बघून समाधान वाटतं आणि पीएच (हा आकडा जितका वर, तितका आंबटपणा कमी) ३.६ ओलांडून गेलेला असतो. अशा वेळी शेनिन ब्लां या पांढऱ्या जातीची वाइन गोडसर, सपाट लागते. तिला नंतर टार्टारिक घालून सावरावं लागतं, ढोबळ हिशेब लिटरला १ ग्रॅमने पीएच सुमारे ०.१ खाली.

म्हणून पीएच मीटर हवाच, दोन बफरवर, म्हणजे ठरलेल्या पीएचच्या द्रावणांवर (४.०१ आणि ७.००), रोज जुळवलेला. पांढऱ्या वाइनला ३.२ ते ३.४ च्या आत तोडणी झाली तर उत्तम, तांबडीला ३.६ पर्यंत चालतं. आम्लाचं प्रमाण घरच्या घरी काढता येतं: १० मिलि गाळलेला रस, त्यात ०.१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड थेंबाथेंबाने, पीएच ८.२ होईपर्यंत. लागलेल्या मिलिलिटरला ०.७५ ने गुणलं की लिटरला किती ग्रॅम ते आलं. ९ मिलि लागले म्हणजे पावणेसातच्या आसपास, पांढऱ्या वाइनसाठी चांगलं. शिराझ किंवा कॅबर्ने या तांबड्या वाइनच्या जातींना याच्या जोडीला बी चावून बघावी. ती तपकिरी आणि कुरकुरीत नसेल तर ब्रिक्स २४ असला तरी वाइन तुरट, हिरवट उतरते. यासाठी अजून कुठलं यंत्र जिभेला मागे टाकत नाही.

डिजिटल रिफ्रॅक्टोमीटर घ्यावा का? वाइनरीच्या गेटवर घ्यावा. खळग्यात पाव-एक मिलिलिटर रस, बटण दाबलं की आकडा, वाचणाऱ्याच्या डोळ्याचा वाद मिटतो. बागेत मात्र कडक उन्हात काही डिजिटल नग सेन्सरवर उजेड पडल्याने चुकतात, खळगा हाताने झाकून मोजावं लागतं. धूळ आणि चिकट बोटं यांपुढे साधी नळी जास्त टिकते.

किण्वन, म्हणजे साखरेचं अल्कोहोल होणं, सुरू झाल्यावर मात्र कुठलाच रिफ्रॅक्टोमीटर वापरू नये. अल्कोहोल मिसळलं की आकडा खोटा होतो. तिथे हायड्रोमीटर, म्हणजे रसात तरंगून घनता दाखवणारी काचेची नळी, लागतो. तोडणीच्या वेळच्या आकड्यावरून अंदाज काढता येतो: ब्रिक्सला ०.५५ ते ०.६ ने गुणावं, २१ ला साधारण बारा टक्के अल्कोहोल.

निगा राखली तर नळी वर्षानुवर्षं जाते. ओल्या मऊ फडक्याने काच पुसावी, मग कोरड्याने. नळाखाली धरू नये, बादलीत तर अजिबात बुडवू नये. आत पाणी शिरलं की भिंगावर धुकं बसतं आणि स्वस्तातला नग उघडून दुरुस्त होत नाही. दोन नग घ्यावेत, एक बागेत, एक घरी, आणि आठवड्यातून एकदा एकाच रसावर दोन्ही लावून बघावेत. ०.४ पेक्षा जास्त फरक आला तर आधी दोन्हींचं शून्य तपासावं, मगच वाइनरीला फोन करावा.