दहा पटींचं घडीचं भिंग: सांदवाडीतल्या झाडांसाठी घ्यावं का?

लिंबाची पानं पिवळी पडली की एक पान खिशात घालून कृषी सेवा केंद्रात जायचं आणि काउंटरवरून मिळेल ती बाटली घेऊन यायचं, असा आपल्याकडचा रिवाज आहे. सोनार वापरतात ते घडीचं भिंग अशा एखाद्या बाटलीपेक्षा बहुधा स्वस्तच पडतं. वर स्टीलचं झाकण आणि आत एका स्क्रूवर फिरणारी काच, एवढीच ती वस्तू. सांदवाडीत, म्हणजे घराच्या परसात, लिंबू, संत्रा, जांब, आंबा, कढीपत्ता अशी पाच-दहा झाडं असतील तर ते जरूर घ्यावं. फक्त घेताना पारखावं, आणि खोडा-मुळाच्या दुखण्याचं निदान त्याच्याकडून मागू नये.

पारख सोपी आहे. डबीवर ३० पट, ६० पट छापलेलं असतं, त्याला भुलू नका. २५० ला पटीनं भागलं की भिंग किती मिलिमीटरवर स्पष्ट दाखवेल ते कळतं. १० पटींचं भिंग २५ मिमीवर, ३० पटींचं जेमतेम ८ मिमीवर. दुकानातच दूरच्या खिडकीचं उलटं चित्र भिंगातून कागदावर पाडा आणि काच ते कागद हे अंतर पट्टीनं मोजा. ‘३० पट’वाल्याचं चित्र २५ मिमीवर पडलं तर ते दहाचंच भिंग. दहाच्या भावात देत असेल तर खुशाल घ्या, कारण आपल्याला तेच हवं. खऱ्या तीस पटीत उजेड कमी पडतो, पानाचा इवलासा भाग दिसतो आणि वाऱ्यानं पान जरा हललं की सगळं पुसट. बाजूला दिवा लावलेल्या भिंगांची उन्हात गरज नाही. त्यांचे बटन सेल पावसाळ्यात गंजतात ते वेगळंच.

धरायची रीत चुकली तर चांगलं भिंगही आंधळं. भिंग डोळ्याशी न्या, अंगठा गालाला टेकवा आणि पान भिंगाकडे आणा. चष्मा असेल तर डोळ्यावर राहू द्या. ऊन पाठीमागून पानावर पडू द्या, भिंगातून सूर्याकडे मात्र कधीच पाहू नका. पान आधी पालथं करून बघा, बहुतेक किडी खालच्या बाजूलाच सापडतात.

पैसे वसूल होतात ते कोळशीच्या बाबतीत. संत्र्या-लिंबाची पानं वरून काजळ फासल्यासारखी काळी झाली की लोक बुरशीनाशक फवारतात. ती बुरशी खरीच, पण ती वाढते किडीनं टाकलेल्या चिकट गोड पाण्यावर. ओल्या फडक्यानं पुसा, खाली पान हिरवंगार निघतं. आता वरच्या फांद्यांची पानं पालथी करून भिंग लावा. काळ्या माशीची अंडी मळसूत्रासारखी गोल गोल मांडलेली असतात आणि पिल्लं काळी, चकचकीत, काटेरी, पानाला चिकटलेली. ही दिसली तर औषध किडीचं हवं, आणि ते पानाच्या खालच्या बाजूला पोचलं पाहिजे. तिथे पिठ्या ढेकूण किंवा मावा निघाला तर उपाय बदलतो. हा फरक दुकानाच्या काउंटरवरून कळत नाही.

कोळी ही कीड (माइट) अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लहान, साध्या डोळ्याला धूळच वाटते. पांढऱ्या कागदावर फांदी झटका. धूळ जागची हलत नाही, कोळी चालतात. संत्र्या-लिंबाच्या नव्या पालवीवर चपटी पिवळी-नारिंगी पिल्लं आणि मेणाचे पांढरे धागे दिसले तर ती सिट्रस सायला ही रस शोषणारी कीड. तीच कढीपत्त्यावरही बसते, म्हणून दोन्ही झाडं बघा. लिंबावरच्या खैऱ्या रोगाचा (कँकर) डाग पानाच्या दोन्ही बाजूंनी उचललेला, मध्ये खड्डा, भोवती पिवळं कडं. आंब्याच्या पानावरची गाठ ब्लेडनं कापून बघा, आत बारीक अळी निघाली तर ती गादमाशी. फांदीवरचे ठिपके सुईनं उचकटा. सुटून आले आणि खाली मऊ जीव निघाला तर खवले कीड, नाही सुटले तर ती सालच.

आता भिंग कुठे हात टेकतं ते. अख्खं झाड मलूल, पानगळ, जमिनीजवळ खोडावर डिंक: हे काम चाकूचं. साल जरा खरवडा, आतला भाग तपकिरी आणि ओलसर निघाला तर तो डिंक्या रोग. भारी काळ्या जमिनीत पाणी तुंबलं किंवा संत्र्याच्या कलमाचा जोड मातीत गाडला गेला की हे हमखास. सडलेला भाग काढून बोर्डो मलम लावा: १०० ग्रॅम मोरचूद आणि १०० ग्रॅम कळीचा चुना, प्रत्येकी अर्धा लिटर पाण्यात, वेगवेगळ्या प्लास्टिकच्या भांड्यांत, मग दोन्ही एकत्र. विळ्याचं पातं बुडवून बघा, तांबूस थर चढला तर आणखी चुना घाला. त्याच दिवशी जमिनीपासून तीन फुटांपर्यंत लावा, पावसाळ्याआधी आणि नंतर.

एकच फांदी वाळत असेल तर बेचक्यात भुश्श्याची जाळी किंवा छिद्र शोधा, ती साल खाणाऱ्या अळीची खूण. नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या म्हणजे लोहाची कमतरता, चुनखडीच्या जमिनीत नेहमीची. पानाच्या दोन्ही अर्ध्या भागांत पिवळेपणा सारखा असेल तर जस्त आठवा. दोन बाजू वेगळ्या दिसल्या तर ग्रीनिंग या संत्र्या-लिंबाच्या रोगाचा संशय घ्या, त्याची खात्री प्रयोगशाळेतच होते. धुऱ्यावर २,४-डी हे तणनाशक मारलं असेल आणि कोवळी पानं पिळवटली असतील तर रोग शोधत बसू नका.

एक उपयोग दुकानदार सांगत नाही. मोबाईलच्या कॅमेऱ्याला भिंग चिकटवून फोटो काढता येतो. अख्खं झाड, फांदी आणि हा जवळचा फोटो, असे तिन्ही कृषी विज्ञान केंद्राला पाठवले तर सल्ला नेमका मिळतो. भिंगाचा स्क्रू लवकर ढिला होतो, बारीक पेचकस जवळ ठेवा. औषधाच्या हातानं काच धरू नका, सुती फडक्यानं पुसा, आणि पावसाळ्यात डबी सिलिका जेलच्या पुडीसोबत ठेवा, नाहीतर काचेवरच बुरशी चढते.